महिपतचं पान

सर्वपित्रीच्या सकाळी दर्शनाने ओट्यावर केळीची चार पानं पुसून ठेवली, त्यातलं एक उचललं, आणि थोड्या वेळाने परत जागेवर ठेवलं. चार की तीन, हे तिला कोणीच सांगत नव्हतं. सासूबाईंचं एक आणि सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, आईवडिलांची दोन, ही तीन ठरलेलीच. चौथं महिपतचं. अण्णांचा हवाई दलातला मित्र, काँगोत वारला, बिनलग्नाचा होता, म्हणून आपण घालायचं, एवढंच तिला लग्न होऊन कोपरीत आली तेव्हा सांगितलेलं. तेव्हापासून तेहतीस वर्षं तिने त्या पानाला खंड पडू दिला नव्हता. त्याला शेवग्याच्या शेंगांची आमटी आवडायची म्हणे. भाद्रपदात शेंगा मिळतात त्या चावायला लाकडासारख्या, तरी ती दरवर्षी आणत होती.

आणि हा महिपत जिवंत निघाला होता. परदेशात कुठे नाही, कल्याणपलीकडे मोहन्यात. कोपरीहून तास-दीड तासाचा रस्ता. त्रेसष्ट वर्षं हे घर ज्याला जेवू घालत होतं, तो तिकडे रेयॉनच्या कारखान्यात नोकरी करून, निवृत्त होऊन, नातवंडं खेळवत बसला होता. आज दुपारी साडेबाराला तो याच घरी जेवायला येणार होता, आणि शेंगांची आमटी त्याच्यासाठी करायची की त्याच्या नावाने, हे ठरत नव्हतं.

झालं ते लेकीमुळे, संचितामुळे. आजोबांच्या जुन्या आठवणी ती सुट्टीच्या दिवशी फोनवर रेकॉर्ड करायची. डकोटा विमान कसं होतं, यूएनच्या शांतिसेनेच्या निळ्या टोप्या कशा मिळाल्या, तिथल्या लाल मातीने कपडे कसे कायमचे रंगले. त्यातला एक तुकडा तिने माजी हवाई सैनिकांच्या एका ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, यात उल्लेख असलेले महिपत नाना तिकडे शहीद झाले. दुसऱ्या दिवशी नयन नावाच्या माणसाने उत्तर लिहिलं की हे माझे वडील आहेत, मोहन्याला असतात, तब्येत बरी आहे, कालच दाढ काढली.

दर्शनाच्या नवऱ्याने, रवींद्रने, ते वाचलं, डोळे पुसले आणि वडिलांना न विचारता, कॅलेंडर न बघता, नयनला फोन करून येत्या रविवारी जेवायला बोलावून टाकलं. रविवार सर्वपित्रीचा होता. ते त्याला बायकोने सांगितल्यावर कळलं.

"मेलेलाही तोच जेवणार आणि जिवंतही तोच," दर्शना म्हणाली. "मी वाढू कसं, ते तरी सांगा."

रवींद्र म्हणाला, पान अजिबात मांडायचं नाही, जिवंत माणसाच्या नावाने घास ठेवणं अभद्र आहे. अण्णा म्हणाले, पान मांडायचं. हे दोघे एकमेकांना म्हणाले असते तर एकदाचा निकाल लागला असता. पण रवींद्रने परस्पर आमंत्रण दिल्यापासून, म्हणजे गेले पाच दिवस, अण्णांनी त्याच्याशी अबोला धरला होता, आणि रवींद्रनेही मग तोंड शिवलं होतं. एकसष्ट वर्षांचा मुलगा आणि सत्त्याऐंशी वर्षांचा बाप एका टेबलावर बसून संचिताला सांगायचे, मीठ इकडे सरकवायला सांग. या घराण्यात जमिनी वारशाने आल्या नाहीत, अबोला तेवढा आला. दर्शनाला कधीकधी वाटायचं की सगळ्यांना एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी लावावी.

दहा वाजता डोंबिवलीहून रंभा आली. रवींद्रची धाकटी बहीण. तिने चपला काढता काढता अण्णांची बाजू घेतली. त्यांना भेटायचं नाही तर ही जबरदस्ती कशाला, दादाला मोठेपणा मिरवायची हौस, या वयात धक्का बसला तर कोण निस्तरणार. रवींद्र बिचारा हॉलमधल्या खुर्च्या पुसत होता. आयुष्यभर त्याने या महिपतचं नाव ऐकलं होतं. शाळेत नापास झाला तेव्हा अण्णा म्हणाले होते, महिपतने एका हातात टॉर्च धरून इंजिन खोललं असतं, तुला एक गणित सुटत नाही. त्या माणसाला परत आणून वडिलांसमोर बसवावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती बोलून दाखवायची तर अबोला मोडावा लागला असता.

"आणि वहिनी, मला एक सांग," रंभा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "गच्चीवर घास ठेवायचो, तेव्हा कावळा पहिला महिपतचाच उचलायचा. आई कौतुकाने सांगायची. मग तो खात कोण होतं?"

दर्शनाने वड्याचं पीठ थापत सांगितलं की कावळा खात होता. रंभाला ते पटलं नाही.

आतल्या खोलीत अण्णा तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी, केसांना तेल. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू येत होतं. आपण म्हातारपणी हट्टीपणा करतोय असं सगळ्यांना वाटतंय, हे त्यांना माहीत होतं, आणि ते तसंच वाटलेलं बरं होतं. खरं कारण बायकोला, हौसाबाईलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हाही सांगितलं नव्हतं.

भांडण बादलीवरून झालं होतं. त्या तळावर माणशी रोज एक बादली पाणी मिळायचं आणि एका संध्याकाळी महिपत स्वतःची बादली संपवून तानाजीच्या, म्हणजे अण्णांच्या, बादलीने अंघोळ करून मोकळा झाला. तानाजी चिडला. महिपतने माफी मागायची ती सोडून, एवढंसं पाणी, असं म्हटलं. झालं. आठ दिवस दोघांचं बोलणं बंद. एकाच विमानात, एकाच तंबूत. तानाजीकडे वजनाचा कागद होता. विमानात किती माल, किती माणसं, किती पेट्रोल, कोण कुठे बसणार, ते तो लिहायचा आणि कप्तान त्या कागदावर डोळे मिटून विश्वास टाकायचा. महिपत फिटर. इंजिन बघायचा आणि वाटेतल्या धावपट्टीवर ड्रममधून हातपंपाने पेट्रोल भरायचा. कामापुरतं काही सांगायचं झालं तर चिठ्ठी लिहून द्यायचा.

त्या दिवशी वाटेत दोन ड्रम भरायचे होते. तानाजीने कागदावर दोन लिहिले. निघताना महिपतने एक चिठ्ठी पुढे केली. तानाजीने ती न उघडता खिशात कोंबली, कारण चिठ्ठी देणाऱ्याचं तोंड त्याला बघायचं नव्हतं. पुढच्या मुक्कामी अकरा जखमी शिपाई होते. धावपट्टी आखूड आणि रात्रीच्या पावसाने चिखल झालेली. जखमींना आत घेतल्यावर कप्तानाने विचारलं, वजन बसतंय का. तानाजीने बेरीज केली आणि सांगितलं, एक माणूस जास्त होतोय. कोण उतरेल, कप्तानाने विचारलं. हवेत फिटरचं काम नसतं. तानाजीने पेन्सिल महिपतकडे केली. महिपतने त्याच्याकडे नुसतं बघितलं, हत्यारांची पेटी उचलली आणि उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घ्यायला जायचं होतं. सकाळी ती धावपट्टी आपल्या ताब्यात राहिलेली नव्हती.

त्याच रात्री तानाजीने शर्ट धुवायला काढला आणि चिठ्ठी सापडली. 'एकच ड्रम भरला. दुसऱ्यात पाणी निघालं.' भरलेला ड्रम म्हणजे दोन माणसांचं वजन. महिपत बसला असता. आणखी एक बसला असता.

मग तानाजीला कावीळ झाली, त्याला भारतात पाठवलं, आणि येताना यादीत महिपतच्या नावापुढे बेपत्ता लिहिलेलं त्याने पाहिलं. त्यानंतर त्याने कुठेही एक पत्र टाकलं नाही. पत्र टाकलं की उत्तर येणार, उत्तर आलं की कोणीतरी विचारणार. त्यापेक्षा वर्षातून एकदा पान मांडणं सोपं होतं. आता तो माणूस जिना चढून येणार होता आणि त्याला ही गोष्ट सांगावी लागणार होती, नाहीतर त्याच्यासमोर बसून खोटं जेवावं लागणार होतं. 

अकरा वाजता दर्शनाचा संयम संपला. तिने कोणालाच न विचारता तीन पानं देवघरासमोर मांडली, तीन घास रवींद्रबरोबर गच्चीवर पाठवले, आणि चौथं पान डायनिंग टेबलावर पाहुण्याच्या जागी ठेवलं. अण्णांच्या खोलीच्या दारात जाऊन तिने सांगितलं की पान मांडलंय, बाकी तुमचं तुम्ही बघा. अण्णांना ती चाल कळली. सुनेला बोलायची त्यांची हिंमत झाली नाही.

महिपत आला तो नयनच्या खांद्यावर हात ठेवून, काठी टेकत, कानात मशीन, गालावर सूज. ठेंगणा, काळासावळा, अंगाने भरलेला. अण्णांच्या गोष्टींमध्ये तो कायम बावीस वर्षांचा सडपातळ पोरगा होता, त्यामुळे सगळेच जरा गोंधळले. संचिताने फोन धरला होता. रवींद्र पुढे होऊन पाया पडला. रंभाचे डोळे भरून आले आणि तिने त्याच क्षणी पक्ष बदलला. दादाने बोलावलं ते किती चांगलं केलं, असं ती नयनला सांगायला लागली.

दोन म्हातारे समोरासमोर उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आता मिठी मारतील.

"बारीक झालास," महिपत म्हणाला.

"तू सुटलास," अण्णा म्हणाले.

बस्स. संचिताने फोन खाली केला.

जेवायला बसेपर्यंत सगळं नयनच बोलला. साधा, हौशी माणूस होता. वडिलांना तिकडच्या एका मिशनमधल्या लोकांनी तीन आठवडे कसं लपवून ठेवलं, मग दुसऱ्या देशाच्या फौजेने कसं सोडवलं, ते त्याने अगदी तारखांसकट सांगितलं. आमच्या घरात एकच गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली, तो म्हणाला, की विमानात जागा कमी होती आणि बाबा एका जखमी माणसासाठी आपणहून उतरले. माझ्या मुलीने शाळेत यावर भाषण केलेलं, बक्षीस मिळालेलं. रवींद्र भारावून ऐकत होता. अण्णा मान खाली घालून बसले होते. त्यांना दिसत होतं की आता तोंड बंद ठेवणं किती सोपं आहे. हा मुलगा खुश, त्याची मुलगी खुश, महिपतची मान ताठ. सांगितलं तर आपलं ओझं उतरेल आणि यांच्या घरातली एकुलती एक अभिमानाची गोष्ट जाईल.

महिपत मात्र टेबलावरच्या पानाकडे बघत होता. इतर सगळ्यांना स्टीलची ताटं होती.

"हे माझंच ना?" त्याने दर्शनाला विचारलं. "दुसऱ्यांदा बसतोय मी याच्यावर."

कोणालाच काही कळलं नाही. मग त्याने भाताला हात लावता लावता सांगितलं. सहासष्ट साली तो हवाई दलातून सुटला, मोहन्याला कारखान्यात लागला, आणि तानाजीचा पत्ता शोधत कोपरीत आला. तेव्हा इथे चाळ होती. तानाजी कामावर गेला होता. दारात कडेवर पोर घेतलेली त्याची बायको, मागे पानं मांडलेली. अमावास्या आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तिसरं पान कुणाचं, असं त्याने सहज विचारलं, तर ती म्हणाली, यांचा मित्र होता, महिपत, लढाईत गेला. आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही म्हणून तिने त्याच पानावर त्याला बसवलं. तो पोटभर जेवला, नाव न सांगता उठला आणि निघून गेला.

"आईने सांगितलेलं," रंभा हळूच म्हणाली. "मोहन्याचा कोणी माणूस आलेला, आमटी तीनदा मागून घेतली म्हणायची."

"शेंगांची. तेव्हा दात होते," महिपत म्हणाला.

रवींद्रचा चेहरा लाल झाला. पाच दिवस ज्याच्यासाठी वडिलांशी भांडण ओढवून घेतलं, त्या पाहुण्यावर तो आता वडिलांच्या बाजूने उखडला. आमचे अण्णा साठ वर्षं झुरले आणि तुम्ही दीड तासावर गप्प बसलात, एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही, हे कसलं वागणं, असं तो बोलून गेला. नयन वडिलांना विचारत होता की बाबा, हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. दर्शना भाताचं भांडं घेऊन उभीच होती.

"राग होता," महिपत म्हणाला. "म्हटलं, घालू दे पान. दर वर्षी घालू दे. पुढे राग जरा कमी झाला, तर यायची लाज वाटायला लागली. मेलेला माणूस वीस वर्षांनी काय म्हणून दार वाजवणार? पण अमावास्येला मला आठवण यायचीच. आज कोपरीत माझं जेवण आहे म्हणून." त्याने काठीच्या टोकाने अण्णांकडे दाखवलं. "कशाचा राग, ते याला विचारा. याला माहीत आहे."

सगळे अण्णांकडे बघायला लागले. एवढंही पुरलं असतं. उतरवल्याचा राग, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. अण्णांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"विमानात जागा होती," ते नयनला म्हणाले. "तुझ्या वडिलांना उतरवायची काही गरज नव्हती. एक ड्रम कमी भरलेला होता आणि मी कागदावर दोन लिहिलेले. कोणाचा जीव वाचवायला वगैरे नाही उतरला तो. माझ्या चुकीने उतरला."

नयनचा घास हातातच राहिला. महिपतने मात्र टेबलावर हात आपटला.

"बघ. म्हणजे माहीत होतं तुला. हेच मी म्हणतोय. मी चिठ्ठी दिलेली, तरी याने पेन्सिल माझ्याकडे केली. बादलीभर पाण्यासाठी याने मला तिथे मरायला सोडलं. मुलाबाळांना हे सांगणार कसं? म्हणून जखमीची गोष्ट सांगत आलो."

"चिठ्ठी मी वाचली नव्हती," अण्णा म्हणाले.

"काय?"

"वाचली नव्हती. खिशात टाकली. रात्री सापडली, तेव्हा कळलं."

महिपतने कानातलं मशीन बोटाने घट्ट दाबलं. ऐकू सगळं आलं होतं. "हातात दिलेली मी. उघडायला काय झालेलं?"

"तुझ्याशी बोलत नव्हतो ना."

दर्शनाने भाताचं भांडं टेबलावर ठेवलं, जरा जोरातच. तेहतीस वर्षं ती या घरातले अबोले सोसत होती, मिठाचे निरोप पोचवत होती, जून शेंगा सोलत होती.

"आणि तुम्ही?" ती महिपतला म्हणाली. पाहुण्याशी असं बोलू नये हे तिला कळत होतं. "तुम्हाला तर माहीत होतं ना जागा आहे? कप्तान समोर उभा होता. एक ड्रम भरलाय, एवढं बोलायचं होतं. जीव जायची वेळ आली तरी तोंडातून शब्द निघाला नाही?"

"मी आधी का बोलू?" महिपत म्हणाला.

रंभाला हसू आलं आणि मग ती पदराने डोळे पुसायला लागली. रवींद्रने वडिलांकडे बघितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याने, अण्णा, पाणी घ्या, असं थेट म्हटलं, आणि अण्णांनी ते घेतलं.

महिपत बराच वेळ पानावरच्या आमटीतली शेंग बोटाने इकडून तिकडे करत राहिला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. राग त्याने इतकी वर्षं सांभाळला होता, लग्नात, मुलाच्या बारशात, बायकोच्या आजारपणात, कारखाना बंद पडला तेव्हासुद्धा. आपलं जे जे बिघडलं ते एका पेन्सिलीपासून बिघडलं, असं मानून तो जगला होता.

"म्हणजे मुद्दाम नव्हतं," तो म्हणाला. "मग मी इतकी वर्षं कुणावर रागावलेलो?"

 नयनला तर आता दोन गोष्टींचं वाईट वाटत होतं आणि त्यातल्या कशाबद्दल बोलावं ते सुचत नव्हतं. मुलीच्या भाषणाचं काय करायचं, हेही त्याच्या डोक्यात घोळत असणार. त्याने घड्याळ बघितलं, कल्याणच्या पत्रीपुलावर गाड्या तुंबतात, आपण निघूया, असं म्हणत वडिलांना उठवायला हात पुढे केला.

महिपतने तो हात बाजूला केला.

"तू जा. मला संध्याकाळी न्यायला ये. आमचं भांडण व्हायचंय अजून."

अण्णा उठले. एका हाताने टेबल धरत, दुसऱ्याने खुर्ची ओढत, ते वळसा घालून त्याच्या शेजारी आले आणि गुडघ्याला गुडघा लागेल अशी खुर्ची टाकून बसले.

"बोल," ते म्हणाले.